अँटिबायोटिकनंतरचं उपाशी आतडं: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

जुलाब थांबले म्हणजे आतडं बरं झालं असं धरून चालल्यामुळे हे प्रकरण लांबलं. मांडणी एका रुग्णाभोवती आहे, पण तो अमुक एक माणूस नव्हे. सांगली-मिरजेकडच्या पोटविकाराच्या ओपीडीत वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हा रुग्ण उभा केला आहे. औषधांचे डोस, चाचण्यांच्या मर्यादा आणि जिवाणूंचं शास्त्र मात्र प्रसिद्ध झालेल्या संशोधनातलं आणि मार्गदर्शक सूचनांमधलं आहे.

रुग्ण ५४ वर्षांचा, तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वजन ६८ किलो. ऑक्टोबरात फळछाटणी तोंडावर आलेली, मजूर ठरलेले, आणि नेमकी खालची दाढ सुजली. दाढेचं काम पुढं ढकललं. आधी मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट आणून पाच दिवस घेतलं. सूज थोडी उतरली, ठणका राहिला. मग लिहून मिळालं क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. जोडीला दुखणं थांबवायची गोळी आणि ‘पित्त होऊ नये म्हणून’ पँटोप्राझोल.

क्लिंडामायसिन संपलं आणि सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा, पाण्यासारखे, उग्र वासाचे. पोटाच्या डाव्या खालच्या बाजूला कळ, संध्याकाळी बारीक ताप. घरी दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींनी घोटाळा वाढवला. आतड्याची हालचाल मंदावणारं लोपेरामाइड घेतलं. त्यानं संडासच्या खेपा कमी झाल्या, पण आतलं विष आतच साठून राहिलं. नंतर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलच्या जोडगोळ्या घेतल्या. तीन दिवस आराम पडला, चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जोरात सुरू. मिरजेला दाखवायला आणलं तेव्हा जुलाबांचा बारावा दिवस होता आणि वजन ६३ किलो भरलं.

तपासणी आणि पहिला निर्णय

अलीकडे अँटिबायोटिक घेतलं असेल आणि २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ संडास होत असतील, तर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, म्हणजे बोलीत सी. डिफ, या जिवाणूचा विचार पहिल्या भेटीतच करायचा. नमुना पातळच हवा. घट्ट मलाची तपासणी करून काही कळत नाही, कारण हा जिवाणू काही निरोगी माणसांच्या आतड्यातही गुपचूप राहतो. इथं जीडीएच अँटिजेन (जिवाणू आहे हे सांगणारं प्रथिन) आणि टॉक्सिन (त्याचं विष) दोन्ही पॉझिटिव्ह आले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १३,८००, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२. पांढऱ्या पेशी १५,००० च्या आत आणि क्रिएटिनिन १.५ च्या आत असेल तर आजार ‘गंभीर नाही’ या गटात धरतात.

पँटोप्राझोल त्याच दिवशी बंद केलं, कारण ते चालू ठेवायला कारणच नव्हतं. आम्ल कमी करणाऱ्या या औषधांचा आणि सी. डिफचा संबंध अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये इशारा म्हणून जाहीर केला होता. आपल्याकडे अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर ती गोळी सवयीनं लिहिली जाते, आणि रुग्ण ती पुढं महिनोन् महिने घेत राहतो. हे थांबायला हवं.

औषध दिलं व्हँकोमायसिन, तोंडावाटे, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती आहे. ते शक्य नसेल तिथं व्हँकोमायसिन हा मान्य पर्याय. कॅप्सूल मिळाली नाही तर ५०० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालतात. त्यातलं अडीच मिली म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ते थोड्या पाण्यात मिसळून पाजायचं. इथं एक चूक वारंवार होते: कुपी इंजेक्शनची आहे म्हणून औषध शिरेतून दिलं जातं. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत जवळजवळ उतरत नाही, आणि तोंडावाटे दिलेलं रक्तात जवळजवळ जात नाही. म्हणूनच या आजारात ते तोंडावाटेच द्यायचं.

ओआरएस एका लिटरला एक पाकीट. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असला अंदाजाचा हिशेब करायचा नाही. घरात संडास वेगळा ठेवला. सॅनिटायझरच्या अल्कोहोलनं सी. डिफचे बीजाणू (जिवाणूचं कवचातलं सुप्त रूप) मरत नाहीत, त्यामुळे हात साबण-पाण्यानं चोळून धुवायचे. संडासची बैठक आणि नळ यांना ब्लीचचं द्रावण, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, लावून दहा मिनिटं ठेवून धुवायचं.

जिवाणू गेले, त्यांच्याबरोबर काय गेलं

सी. डिफचे बीजाणू मातीत, दवाखान्यात, घरात सगळीकडे असतात आणि पोटातही जातात. एरवी ते माजत का नाहीत, याचं उत्तर पित्तात आहे. यकृत कोलिक आम्ल आणि किनोडीऑक्सिकोलिक आम्ल ही प्राथमिक पित्ताम्लं बनवतं आणि त्यांना टॉरीन किंवा ग्लायसीन जोडून आतड्यात सोडतं. बहुतेक पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. जी थोडी मोठ्या आतड्यात उतरतात त्यांच्यावर जिवाणू काम करतात. आधी टॉरीन-ग्लायसीन तोडतात, मग मोजक्या जाती पुढची पायरी उरकतात आणि डीऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही दुय्यम पित्ताम्लं तयार होतात. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स ही त्या मोजक्या जातींपैकी एक.

टॉरोकोलेट हे सी. डिफच्या बीजाणूला रुजायचा इशारा देतं, हे सॉर्ग आणि सोनेनशाइन यांनी २००८ मध्ये दाखवलं. डीऑक्सिकोलिक आम्ल मात्र रुजलेल्या जिवाणूची वाढ रोखतं. म्हणजे निरोगी आतड्यात बीजाणू रुजला तरी पुढं वाढत नाही. क्लिंडामायसिन ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर फार परिणामकारक असल्यामुळे दुय्यम पित्ताम्लं बनवणारे नेमके तेच मारले जातात. टॉरोकोलेट शिल्लक, डीऑक्सिकोलेट गायब. या रुग्णाच्या बाबतीत त्याआधी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटनं आणि नंतर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलनं उरलेसुरलेही कमी केले. सी. सिंडेन्स परत दिल्यावर उंदरांमध्ये सी. डिफला प्रतिकार परत येतो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं.

ही पित्ताची बाजू. दुसरी बाजू ब्युटिरेटची, आणि या प्रकरणाचा पुढचा सगळा भाग तिच्यावर फिरतो.

आपण न पचवलेला कोंडा आणि स्टार्च जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघुशृंखला मेदाम्लं बनतात, साधारण ६०:२०:२० या प्रमाणात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. त्यांच्या ऊर्जेचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग त्यातून येतो. या पेशी ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे आतड्याची पोकळी ऑक्सिजनविना राहते. ब्युटिरेट बनवणाऱ्या फिकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारख्या जाती ऑक्सिजन लागला की मरतात. म्हणजे त्यांचंच उत्पादन त्यांना जगायला लागणारी जागा टिकवतं. अँटिबायोटिकनं हे चक्र तुटलं की अस्तरातल्या पेशी रक्तातली साखर वापरायला लागतात, ऑक्सिजन कमी खर्च होतो, तो पोकळीत झिरपतो आणि ऑक्सिजन वापरू शकणारे ई. कोलायसारखे जिवाणू माजतात. अँड्रियास बॉइमलर यांच्या गटानं २०१७ मध्ये उंदरांमध्ये ही साखळी उलगडली.

ब्युटिरेट शोषलं जाताना सोबत सोडियम आणि पाणीही आत ओढलं जातं. म्हणून ब्युटिरेट कमी म्हणजे संडास पातळ, भले जंतू मेलेला असो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी २००० साली कॉलऱ्याच्या मोठ्या माणसांना ओआरएसमध्ये लिटरमागे ५० ग्रॅम न पचणारा मक्याचा स्टार्च घालून दिला. जुलाबाचं प्रमाणही घटलं आणि दिवसही. ढाक्याला जुनाट जुलाब झालेल्या लहान मुलांना भातासोबत शिजवलेली कच्ची केळी दिली, तर नुसत्या भातापेक्षा ती लवकर सावरली. आपल्या शेजारच्या या दोन अभ्यासांची आठवण जुलाबाच्या आहाराबद्दल बोलताना व्हायलाच हवी.

दहा दिवसांचं औषध संपल्यावर

व्हँकोमायसिनच्या चौथ्या दिवशी ताप गेला, दहाव्या दिवशी संडास दोन-तीन वेळा आणि मऊ. सगळ्यांना वाटलं, सुटलो. त्यानंतर अडीच आठवडे रुग्णाचा आहार असा होता: मऊ भात, साबुदाण्याची खिचडी, मूगडाळीचं वरचं पाणी, चहा-बिस्किट, शहाळं. भाकरी बंद, भाजी बंद, उसळ बंद. अशक्तपणा जावा म्हणून कोणीतरी प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला होता, तो दिवसातून दोनदा. जोडीला मेडिकलमधून आणलेल्या प्रोबायोटिक द्रावणाच्या छोट्या बाटल्या.

या आहारातला तंतू, म्हणजे फायबर, मोजला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅमला तीन ग्रॅमपेक्षाही कमी तंतू असतो. साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. सगळं मिळून दिवसाला जेमतेम ७ ग्रॅम. शिफारस आहे २,००० कॅलरीमागे ३० ग्रॅमची. आतड्यात उरलेल्या जिवाणूंना खायला काही नाही आणि प्रथिनं मात्र भरपूर, अशी स्थिती. कर्बोदकं संपली की जिवाणू प्रथिनं आंबवतात. त्यातून अमोनिया, फिनॉल आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. संडासला सडक्या अंड्याचा वास येतोय ही तक्रार त्याच आठवड्यातली. हायड्रोजन सल्फाइड जास्त झालं की पेशींना ब्युटिरेट जाळणंही अवघड जातं.

मग संडास पुन्हा दिवसाला चार वेळा, मलाचा घट्ट-पातळपणा १ ते ७ मध्ये सांगणाऱ्या ब्रिस्टल मोजपट्टीवर ६, पोटात गुडगुड, गॅस. घरच्यांनी धसका घेतला, आजार उलटला म्हणून. ही शंका रास्तच. सी. डिफ पहिल्यांदा बरा झालेल्या पाच-सहा जणांपैकी एकाला तरी तो परत होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या आठ आठवड्यांत.

इथं थांबून विचार करायला लागतो. उलटलेल्या आजारात साधारणपणे संडास पाण्यासारखी होते, पोट दुखतं, पांढऱ्या पेशी चढतात, कधी ताप येतो. इथं ताप नव्हता, पांढऱ्या पेशी ७,४००, रात्री झोपेतून उठून जावं लागत नव्हतं. टॉक्सिन निगेटिव्ह. जीडीएच अजून पॉझिटिव्ह होतं, पण तेवढ्यावर औषध द्यायचं नसतं. जिवाणू आहे एवढंच त्यातून कळतं, विष बनतंय असं नाही. जिवाणूचं जनुक शोधणारी पीसीआर चाचणी केली असती तर तीही बहुधा पॉझिटिव्ह येऊन गोंधळ वाढला असता, कारण बरं झाल्यावरही ती काही आठवडे तशी येऊ शकते. आतड्याची सूज दाखवणारं मलातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन ६२, म्हणजे ५० च्या सीमेच्या किंचित वर. ठळक सूज नाही.

आणखी एक व्हँकोमायसिनचा कोर्स दिला असता तर काय झालं असतं? व्हँकोमायसिनही आतड्यातले ब्युटिरेट आणि दुय्यम पित्ताम्लं बनवणारे जिवाणू मारतं. संडास चार दिवस सुधारली असती आणि आतडं आणखी ओसाड झालं असतं. अँटिबायोटिक न देण्याचा निर्णय या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि नातेवाइकांना पटवायला सगळ्यात अवघड.

प्रोबायोटिकच्या बाटल्याही बंद केल्या. त्यातला जिवाणू ब्युटिरेट बनवत नाही, दुय्यम पित्ताम्लंही नाही. शिवाय इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परत यायला काही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बागायतदाराला हे समजावायला फार शब्द लागले नाहीत: जमिनीत सेंद्रिय कर्ब नसताना नुसतं जिवाणू कल्चर ड्रिपमधून सोडलं तर ते टिकत नाही, हे त्यानं स्वतःच्या बागेत पाहिलेलं असतं.

सहा आठवड्यांचं ताट

घरातून पहिला प्रश्न आला तो रुग्णाच्या पत्नीकडून. “भाकरी जड पडंल की ओ, डॉक्टर. साबूची खिचडीच बरी न्हवं?” प्रश्न चांगला आहे, कारण ज्वारी खरोखरच ‘जड’ असते. तिच्या स्टार्चभोवती काफिरिन या प्रथिनाचं जाळं असतं, शिजवल्यावर ते आणखी घट्ट होतं, आणि काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढं जातो. इथं आपल्याला हवंय तेच. मोठ्या आतड्यापर्यंत हळूहळू आंबणारं अन्न पोचवायचं आहे.

नियम एकच ठेवला: आधी सावकाश आंबणारं, मग भराभर आंबणारं, आणि एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही तीन दिवस पाहून.

पहिल्या आठवड्यात साबुदाणा बंद आणि दुपारी एक ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम पिठाची. शाळूचं पीठ, ताजं दळलेलं, भाकरी पातळ आणि मऊ, मूगडाळीच्या वरणात कुस्करून. डाळीचं नुसतं पाणी नाही, ३० ग्रॅम डाळ पूर्ण घोटून. प्रोटीन पावडरऐवजी दही एक वाटी आणि एक अंडं. ५० ग्रॅम ज्वारीतून पाच ग्रॅम तंतू मिळतो, तेवढी एक पायरी पुरे. भात रात्रीचा, पण दुपारीच शिजवून, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवून आणि रात्री वाफ येईपर्यंत गरम करून. थंड होताना स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो, पाचकरसांना दाद देत नाही, आणि गरम केल्यावरही त्यातला बराचसा टिकतो. भात बाहेर ओट्यावर ठेवायचा नाही. त्यात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू रुजून तो वाढतो आणि त्याचं विष गरम केल्यानं जात नाही. ‘शिळा भात पोटाला चांगला’ एवढंच ऐकून लोक रात्रभर पातेलं उघडं ठेवतात आणि सकाळी उलट्या होतात.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीही एक भाकरी आणि शिजवलेली भाजी १५० ग्रॅम: दुधी, दोडका, गाजर, साल न काढता जमेल तिथं. एकूण तंतू २० ग्रॅमच्या आसपास. संडास तीन वेळा, ब्रिस्टल ५.

आणि इथंच घसरलं. सुधारणा दिसल्यावर रुग्णाच्या मुलाच्या उत्साहाला भरतं आलं. एकाच दिवशी वाटीभर मटकीची उसळ, रात्री दोन चमचे इसबगोल आणि घरचाच मूठभर बेदाणा. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं, पाच वेळा संडास, आणि घरात पुन्हा ‘उलटलं’ची चर्चा. कारणं तिन्हींची वेगळी आहेत, म्हणून ती सुटी सांगायला हवीत. मटकीतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा तोडायचं विकर माणसाच्या पाचकरसांत नसतंच. त्या थेट मोठ्या आतड्यात जातात आणि काही तासांत आंबून वायू बनवतात. बेदाण्यातलं फ्रुक्टोज एकदम जास्त झालं की पूर्ण शोषलं जात नाही आणि पाणी ओढून घेतं. इसबगोल पाणी धरतं, मल बांधतं, पण फारसं आंबत नाही; ब्युटिरेट वाढवायला त्याचा उपयोग थोडा. ‘फायबर’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळी कामं करणाऱ्या गोष्टी एका दिवशी पोटात गेल्या.

भराभर आंबणारं अन्न एकदम आलं तर आणखी एक अडचण होते. बायफिडोसारखे जिवाणू स्टार्च आणि शर्करा तोडून लॅक्टेट आणि ॲसिटेट बनवतात. दुसऱ्या जाती ते लॅक्टेट, ॲसिटेट खाऊन ब्युटिरेट बनवतात. अँटिबायोटिकनंतर पहिला गट लवकर सावरतो, दुसरा सावकाश. मधल्या काळात लॅक्टेट साठतं, पाणी खेचतं आणि संडास पातळ होते. म्हणजे चुकीचं अन्न नव्हतं, चुकीची वेळ आणि चुकीचं माप होतं.

तीन दिवस पहिल्या आठवड्याच्या ताटावर परत. चौथ्या दिवशी पोट बसलं आणि पुढं चालू.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक कच्चं केळं उकडून, त्याची फोडणीची भाजी, कांदा-लसूण न घालता. कच्च्या केळ्यातला बराच स्टार्च न पचणारा असतो, पण सगळ्यांच्या आतड्यात तो सारखा आंबत नाही. रुमिनोकॉकस ब्रोमी नावाची जात त्याला पहिला सुरुंग लावते, आणि ती सगळ्यांकडे पुरेशी नसते. दहा दिवसांत फरक न दिसल्यास केळं सोडून ज्वारीवरच भर द्यायचा. सकाळी ज्वारीची आंबील: ३० ग्रॅम पीठ पाव लिटर ताकात रात्री कालवून, सकाळी तेवढंच पाणी घालून दहा मिनिटं शिजवून, मीठ-जिरं घालून. शिजवल्यावर त्यातले बहुतेक जिवाणू मरतात, त्यामुळे जिवंत जिवाणू हवे असतील तर शेजारी वाटीभर ताजं ताक वेगळं.

पाचव्या आठवड्यात मोड आलेले मूग, कोरडे २५ ग्रॅम. बारा तास भिजवून पाणी फेकायचं, मोड आणायचे, पुन्हा धुऊन पूर्ण मऊ शिजवायचे. भिजवलेल्या पाण्यात त्या वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग निघून जातो. ‘सत्त्व जाईल’ म्हणून ते पाणी वापरू नये. सहाव्या आठवड्यात हुलग्याचं माडगं, २० ग्रॅम पिठाचं, जवसाची चटणी एक चमचा आणि अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे. आटपाडी-जतचं डाळिंब इथं सहज मिळतं. त्यातल्या एलॅजिटॅनिनपासून काही जणांचे जिवाणू युरोलिथिन बनवतात. उंदरांमध्ये युरोलिथिन-ए आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट करतं असं दिसलं आहे. ते कोणाच्या आतड्यात बनतं आणि कोणाच्या नाही, हे ठरलेलं असतं, म्हणून डाळिंबावर फार आशा न ठेवता फळ म्हणून खावं.

सहा आठवड्यांच्या शेवटी तंतू २८ ग्रॅम, संडास एक-दोन वेळा, ब्रिस्टल ४, वजन ६६ किलो, कॅलप्रोटेक्टिन ३१.

प्रतिकारशक्तीचा भाग

रुग्णाच्या मुलानं विचारलं होतं की या ताटानं ‘इम्युनिटी वाढते’ का. वाढते म्हणण्यापेक्षा ताळ्यावर राहते म्हणणं बरोबर. २०१३ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्लं उंदरांच्या मोठ्या आतड्यात नियामक टी-पेशी वाढवतात: न्यूयॉर्कचे अलेक्झांडर रुडेन्स्की, जपानच्या रायकेन संस्थेचे हिरोशी ओहनो आणि हार्वर्डच्या वेंडी गॅरेट यांचे गट. या पेशींचं काम प्रतिकाराला लगाम घालण्याचं. ब्युटिरेट हिस्टोन डीॲसिटिलेज या विकराला अडवतं, त्यामुळे फॉक्सपी३ हे जनुक उघडं राहतं आणि पेशी नियामक बनते. लगाम नसेल तर आतडं स्वतःच्याच जिवाणूंवर आणि अन्नावर चवताळतं.

दुसरा धागा ट्रिप्टोफॅनचा. दही, डाळी, अंडी यांतल्या या अमिनो आम्लापासून लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू इंडोल गटाचे पदार्थ बनवतात. ते पेशीतल्या एएचआर या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, त्यातून इंटरल्यूकिन-२२ हे संदेशवाहक प्रथिन निघतं आणि ते अस्तराला श्लेष्मा व जंतुरोधक प्रथिनं बनवायला लावतं. यातलं बरंच उंदरांवरचं आहे. माणसांत स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी लोकांपैकी आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांमध्ये जिवाणूंची विविधता वाढली आणि सुजेची १९ प्रथिनं घटली; भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये विविधता वाढली नाही आणि प्रतिकाराचे बदल माणसागणिक वेगळे होते. त्या लोकांनी दिवसाला सरासरी सहा सर्व्हिंग आंबवलेले पदार्थ खाल्ले होते, म्हणून एका वाटी ताकावर तेवढ्या परिणामाची अपेक्षा करता येत नाही. तरी ज्वारी आणि ताक दोन्ही ताटात हवेत, यावर आमचं मत ठाम आहे.

मुलाला मलातली मेदाम्लं मोजून घ्यायची होती. नको म्हटलं. तयार झालेल्या मेदाम्लांपैकी सुमारे ९५ टक्के आतडंच शोषून घेतं. मलात दिसतं ते उरलेलं. जुलाबात शोषण कमी झालं तर उलट आकडा जास्त येतो. महागड्या मायक्रोबायोम चाचणीनंही या प्रकरणात एकही निर्णय बदलला नसता. निर्णय ठरले ते संडासच्या खेपांची वही, वजन आणि ताटातलं माप यांवरूनच.

दाढ तशीच होती. तिची रूट कॅनॉल झाली, अँटिबायोटिकशिवाय. अमेरिकी दंत संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही सांगतात की ताप नसेल, सूज पसरत नसेल तर दाढदुखीच्या बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिक लागत नाही. फाइलवर लाल शाईत लिहून दिलं: सी. डिफ झालेला, क्लिंडामायसिन टाळा, अँटिबायोटिक अटळ असेल तर आधी फोन करा, पित्ताची गोळी कारणाशिवाय नको.

हे ताट जसंच्या तसं कोणीही उचलू नये. आतड्यात अरुंदपणा असेल, क्रोन्ससारखा आजार भडकलेला असेल, तर कोंडा अडकून त्रास होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळं आणि शहाळ्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. जुलाबात रक्त, १०१ च्या वर ताप, पोट फुगून संडास अचानक बंद, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर भाकरी-आंबीलचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं. या रुग्णाला आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत हीच यादी स्वयंपाकघरात चिकटवायला दिली होती. लसूण आणि कच्चा कांदा त्याच्या ताटात अजून परत आलेले नाहीत. त्यातलं फ्रुक्टान फार भराभर आंबतं, म्हणून ते दोन्ही शेवटी, पाव चमच्यापासून सुरू करायचे आहेत.